हत्तीपोळ बांधणारा राजा मानसिंह

ग्वाल्हेरच्या किल्ल्याची गोष्ट आम्हा मराठी घरांत बहुधा महादजी शिंद्यांपासून सुरू होते. ते साहजिकही आहे. शिंद्यांच्या चाकरीच्या निमित्ताने आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. पण गडाचे जे शेवटचे दार ओलांडून राजवाड्यात जायचे, ते हत्तीपोळ महादजींच्या पावणेतीनशे वर्षे आधीचे आहे. ते बांधणारा राजा म्हणजे मानसिंह तोमर. अकबराच्या दरबारातला अंबरचा मानसिंह वेगळा, हा त्याच्या बराच आधीचा.

तोमरांनी ग्वाल्हेर घेतले ते चौदाव्या शतकाच्या अखेरीस. १४८६ मध्ये कल्याणमल्लाच्या पश्चात त्याचा मुलगा मानसिंह गादीवर बसला. राज्य लहान आणि शेजारी मोठा, अशी त्याची स्थिती होती. दिल्लीचा बहलोल लोदी चालून आला, तेव्हा नव्या राजाने ८० लाख टंके देऊन त्याला परत पाठवले. बहलोलच्या मागून आलेला सिकंदर लोदी त्याहून चिवट होता. १५०१ मध्ये त्याने धौलपूर घेतले आणि तिथला राजा ग्वाल्हेरच्या आश्रयाला आला. फौज ग्वाल्हेरकडे वळताच मानसिंहाने तह केला आणि आपला मुलगा विक्रमादित्य याला नजराणे देऊन सुलतानाकडे पाठवले. पुढे सिकंदराने आग्र्याला ठाणे केले, ते ग्वाल्हेरवर नजर ठेवण्यासाठीच. १५०८ मध्ये त्याने नरवरचा किल्लाही घेतला. ग्वाल्हेर मात्र त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही.

अशा राजाने काय बांधावे? जाड भिंती, अरुंद दारे, बुरूज. मानसिंहाने तेही केले. पण सगळ्यात आश्चर्याची गोष्ट म्हणजे गडाची जी पूर्वेची बाजू शत्रूला समोर दिसते, तिथेच त्याने आपला राजवाडा, मानमंदिर, उभा केला. कड्याच्या काठावर सुमारे ३०० फूट लांबीची भिंत, तिला घुमट असलेले सहा गोल बुरूज आणि दगडात बसवलेल्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगाच्या फरश्या. त्या फरश्यांत हंस आहेत, हत्ती आहेत, मगरी आहेत, केळीची झाडे आहेत. याच भिंतीच्या दक्षिण टोकाला हत्तीपोळ आहे. दाराच्या दोन्ही अंगांना राजवाड्यासारखेच गोल बुरूज आणि वर घुमट. म्हणजे दार वेगळे आणि वाडा वेगळा, असे नाहीच; पहारा आणि राजाचे राहणे एकाच भिंतीत.

दाराजवळ दगडाचा मोठा हत्ती होता आणि त्यावर दोन स्वार होते. मानसिंहानंतर बारा वर्षांनी, १५२८ मध्ये, बाबर गड पाहायला आला तेव्हा त्याने हा हत्ती पाहिला आणि आपल्या आठवणींत त्याची नोंद केली. आज हत्ती तिथे नाही, दाराच्या नावात तेवढा उरला आहे.

गडाच्या पायथ्याशी बादलगडात मानसिंहाने राणी मृगनयनीसाठी गुजरी महाल बांधला. ती गुर्जर घराण्यातली, राई गावची. आपल्या गावच्या नदीचे पाणी महालात यावे, अशी तिची अट होती, असे इथे सांगतात. आता त्या महालात पुरातत्त्व संग्रहालय आहे.

मानसिंहाची दुसरी इमारत दगडाची नाही. त्याने ध्रुपदाला दरबारी मान मिळवून दिला. नायक बख्शूसारखे गायक त्याच्या पदरी होते. ‘मानकुतूहल’ हा संगीतावरचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे आणि सतराव्या शतकात फकीरुल्लाने ‘रागदर्पण’ या नावाने तो फारसीत नेला. राजधानीला गाण्याची जी गोडी तेव्हा लागली, ती पुढे सुटली नाही. इथेच शिंद्यांच्या काळात ख्यालाचे ग्वाल्हेर घराणे वाढले, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथून ती विद्या घेऊन महाराष्ट्रात गेले. मराठी मुलुखाला ग्वाल्हेरने दिलेले हे देणे आपण विसरू नये.

१५१६ च्या सुमारास मानसिंह वारला. लगेच इब्राहीम लोदीची फौज आली. बादलगडाखाली सुरुंग लावून तो आधी घेतला, तिथला धातूचा नंदी दिल्लीला नेला आणि वेढा वर सरकत गेला. शेवटी विक्रमादित्याने गड स्वाधीन केला. तीस वर्षे बापाने जे राखले, ते मुलाच्या हातून गेले. त्याला दोष देणे सोपे आहे. पण मानसिंहाच्या तहांनी आणि नजराण्यांनीच ती तीस वर्षे मिळाली होती, नुसत्या दाराने नव्हे. १५२६ मध्ये पानिपतावर विक्रमादित्य त्याच लोदीच्या बाजूने लढताना पडला. मोगलांनी पुढे मानमंदिराच्या तळघरांचा तुरुंग केला. जिथे गाणे होत असे, त्याच्याच खाली बेड्या वाजू लागल्या.

आता आपण गाडीने पश्चिमेच्या उरवाई दरवाजातून वर जातो आणि मानमंदिर आतल्या बाजूने पाहतो. त्यामुळे हत्तीपोळाची आपल्याला पाठच दिसते. मानसिंहाने त्याचे तोंड पूर्वेला, चढून येणाऱ्यासाठी सजवले होते. पाहुणे आले की एकदा तरी त्यांना खालच्या ग्वाल्हेर दरवाजापासून पायी न्यावे. वाटेत गणेशपोळ लागते, तिथे बाप्पाला हात जोडावेत. पुढे लक्ष्मणपोळाजवळ चतुर्भुज मंदिर आहे. त्यातल्या ८७६ सालच्या शिलालेखात शून्य कोरलेले आहे, ते मुलांना दाखवावे. मग शेवटच्या चढावर मान वर करावी. निळ्या फरश्यांची ती भिंत आणि तिच्या टोकाचे ते दार समोर येते, आणि लहान राज्याच्या त्या राजाने जगाला आपले कोणते रूप दाखवायचे ठरवले होते, ते सांगावे लागत नाही.