सय्यद अब्दुल रहीम
सय्यद अब्दुल रहीम (१७ ऑगस्ट, १९०९ - ११ जून, १९६३) हे भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. मूळचे शाळाशिक्षक असलेल्या रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने आशियाई खेळांत १९५१ व १९६२ साली सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. फुटबॉलजगतात ते रहीमसाहेब या नावाने ओळखले जात.

शिक्षकी पेशा
रहीम यांचा जन्म हैदराबाद येथे झाला. मराठवाडा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता, त्याचीच ही राजधानी. त्यांनी काचिगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा शहरातील शाळांमधून अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतल्यावर शाळेतील खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ते स्वतः उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळले होते. परंतु खेळाडू म्हणून त्यांचे नाव फारसे झाले नाही.

१९४० च्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. त्यांनी भरवलेल्या स्पर्धांत शिक्षकाची दृष्टी दिसते. एका स्पर्धेत फक्त कमजोर पायाने चेंडू मारण्याची मुभा असे, तर दुसरीत चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यास मनाई असल्याने तो लगेच सहकाऱ्याकडे द्यावा लागे. जे उपदेशाने साधत नाही, ते नियमानेच करवून घेण्याची ही पद्धत होती.

हैदराबाद सिटी पोलीस
१९५० पासून रहीम हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. या संघाने मुंबईतील कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. १९५० च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने मोहन बागानला हरवले. कोलकात्याचे क्लब हेच भारतीय फुटबॉलचे केंद्र मानले जाण्याच्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

राष्ट्रीय संघ
१९५१ साली दिल्लीतील पहिल्या आशियाई खेळांत साहू मेवालाल यांच्या गोलामुळे भारताने इराणला १-० असे नमवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. तोवर अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले.

रहीम यांनी हंगेरीच्या खेळाचा अभ्यास करून आखूड पासांवर भर दिला व आघाडीच्या फळीतील एक खेळाडू मागे ओढून खेळवण्यास सुरुवात केली. ब्राझीलच्या आधी ४-२-४ ही रचना भारताने वापरली असे अनेकदा सांगितले जाते. मात्र तिचे श्रेय प्रथम हंगेरीकडे जाते. मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यात मूळचे गोव्यातील असगावचे आणि मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला हरवले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली, परंतु संघ पहिल्या फेरीपुढे गेला नाही.

जकार्ता, १९६२
पहिल्या सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नैल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. उपांत्य सामन्यात रहीम यांनी त्यांनाच आघाडीवर खेळवले आणि अरुण घोष यांना बचावाच्या मध्यभागी आणले. जर्नैल सिंग यांनी डोक्याला पट्टी बांधूनही गोल केला व दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला.

इस्रायल व तैवानला प्रवेश नाकारल्याबद्दल भारतीय क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्याने जकार्त्यात भारताविरुद्ध संताप उसळला होता. ४ सप्टेंबर रोजी झालेल्या अंतिम सामन्यात सुमारे एक लाख प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. आजारपणातून उठलेले उंचपुरे पीटर थंगराज यांना रहीम यांनी गोलरक्षक म्हणून परत घेतले. पी. के. बॅनर्जी व जर्नैल सिंग यांच्या गोलांनी भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवले.

मृत्यू
त्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी रहीम यांचे कर्करोगाने हैदराबाद येथे निधन झाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हे १९६० च्या ऑलिंपिक संघात होते. रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही. रहीम यांच्या जीवनावर आधारित मैदान हा हिंदी चित्रपट २०२४ साली प्रदर्शित झाला.