उतारवयातील प्रेम आणि श्रद्धेची कसोटी : सी. एस. लुईस

नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा महिना. कबरस्थानात जाऊन आपण आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. ज्यांचा जोडीदार देवाघरी गेला आहे, त्यांना हा महिना विशेष जड जातो. त्यांची आठवण ठेवून या अंकात आम्ही सी. एस. लुईस यांची जीवनकथा देत आहोत. त्यांचा जन्म नोव्हेंबरमधला आणि मृत्यूही नोव्हेंबरमधलाच.

२००५ साली आलेला ‘नार्निया’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी पाहिला असेल. त्यातील आस्लान नावाचा सिंह अपराधी मुलासाठी आपला प्राण देतो आणि पुन्हा जिवंत होतो. ती गोष्ट लुईस यांची. ते कॅथोलिक नव्हते, अखेरपर्यंत अँग्लिकनच राहिले. तरीही त्यांची पुस्तके जगभरातील कॅथोलिक घरांत आवडीने वाचली जातात.

लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील वकील होते. थोरला भाऊ वॉरन हा त्यांचा जिवाभावाचा सोबती. १९०८ साली आईला कर्करोग झाला. नऊ वर्षांच्या मुलाने आई बरी व्हावी म्हणून प्रार्थना केली, पण आई गेली. पाठोपाठ त्याला इंग्लंडमधील वसतिशाळेत पाठवण्यात आले. पुढे काही वर्षांत त्याची श्रद्धा पार आटली आणि तो स्वतःला नास्तिक म्हणवू लागला.

पहिल्या महायुद्धात लुईस सैन्यात भरती झाले. आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी ते फ्रान्समधील खंदकात पोहोचले. पॅडी मूर नावाच्या मित्राशी त्यांचे ठरले होते की, दोघांपैकी एक कामी आला तर दुसऱ्याने त्याच्या घरच्यांना सांभाळायचे. मार्च १९१८ मध्ये पॅडी मारला गेला. एप्रिलमध्ये तोफगोळा फुटून लुईस स्वतः जखमी झाले, पण वाचले. त्यांनी शब्द पाळला. पॅडीची आई आणि धाकटी बहीण यांच्यासोबत त्यांनी संसार थाटला आणि तो सुमारे ३० वर्षे चालवला. या नात्याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. मात्र श्रीमती मूर म्हाताऱ्या व हट्टी झाल्या, अंथरुणाला खिळल्या, तेव्हाही लुईस यांनी त्यांना टाकले नाही. शुश्रूषागृहात ठेवावे लागले तेव्हा ते रोज त्यांना भेटायला जात. जानेवारी १९५१ मध्ये त्या वारल्या. त्याच घरात सैन्यातून निवृत्त झालेला भाऊ वॉरनही राहत असे. त्याला दारूचे व्यसन होते. त्याचीही काळजी लुईस यांनाच वाहावी लागे.

१९२५ साली लुईस ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवू लागले. तेथे त्यांना जे. आर. आर. टॉल्किन हे कॅथोलिक मित्र लाभले. सप्टेंबर १९३१ मध्ये एका रात्री टॉल्किन आणि आणखी एक मित्र यांच्याशी ते पहाटेपर्यंत ख्रिस्ताविषयी बोलत राहिले. देव आहे हे त्यांनी तोवर मान्य केले होते. ख्रिस्त देवाचा पुत्र आहे हे मात्र पटत नव्हते. काही दिवसांनी ते भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून प्राणिसंग्रहालय पाहायला निघाले. निघताना नसलेला विश्वास पोहोचेपर्यंत त्यांच्या मनात आलेला होता, असे त्यांनी पुढे नमूद केले.

त्यानंतर त्यांची लेखणी थांबली नाही. दुःख आणि देवाचा चांगुलपणा या विषयावरील त्यांचे पुस्तक १९४० साली आले. १९४१ ते १९४४ या काळात त्यांनी बीबीसीवरून श्रद्धेविषयी साध्या भाषेत भाषणे दिली. बॉम्बवर्षावाने हादरलेले लोक ती कान देऊन ऐकत. थोरल्या सैतानाने धाकट्या सैतानाला लिहिलेल्या पत्रांचे त्यांचे पुस्तक १९४२ साली निघाले. इटालियन भाषांतरातून ते वाचून व्हेरोनाचे फादर ज्योव्हानी कालाब्रिया यांनी १९४७ साली लुईस यांना पत्र लिहिले. फादरांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून दोघांचा पत्रव्यवहार लॅटिनमध्ये चालला. या फादरांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली संतपद बहाल केले. नार्नियाची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात आली. १९५४ साली केंब्रिज विद्यापीठाने लुईस यांना प्राध्यापकपद दिले. पुस्तकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग ते गाजावाजा न करता गरजूंना देत.

पन्नाशी उलटली होती. सैनिक, शिक्षक, वक्ता, लेखक अशा साऱ्या भूमिका झाल्या होत्या. आता लग्नाचा विषय संपला असेच सर्वांना वाटत होते.

जानेवारी १९५० मध्ये अमेरिकेहून जॉय डेव्हिडमन या कवयित्रीचे पत्र आले. ज्यू घराण्यात जन्मलेली, आधी नास्तिक व कम्युनिस्ट असलेली ही बाई लुईस यांची पुस्तके वाचता वाचता ख्रिस्ताकडे आली होती. १९५२ साली ऑक्सफर्डमध्ये त्यांची प्रत्यक्ष भेट झाली. जॉयचा नवरा दारूच्या आहारी गेला होता आणि दुसऱ्या स्त्रीत गुंतला होता. १९५४ साली त्यांचा घटस्फोट झाला. डेव्हिड आणि डग्लस या दोन मुलांना घेऊन ती इंग्लंडमध्ये राहू लागली. सरकारने तिचा राहण्याचा परवाना वाढवायला नकार दिला, तेव्हा तिला देश सोडावा लागू नये म्हणून लुईस यांनी २३ एप्रिल १९५६ रोजी तिच्याशी रजिस्टर लग्न केले. हा केवळ मैत्रीखातर उरकलेला कागदी विधी, अशीच त्यांची समजूत होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉय घरात पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. तपासणीत कर्करोग निघाला. ती हातची जाणार हे दिसले तेव्हा आपले तिच्यावर किती प्रेम आहे, हे लुईस यांना कळून चुकले. देवासमोर विवाह व्हावा अशी दोघांची इच्छा होती. पण जॉय घटस्फोटित असल्याने ऑक्सफर्डच्या अँग्लिकन बिशपांनी परवानगी दिली नाही. जॉयच्या नवऱ्याचे आधी एक लग्न होऊन मोडले होते, त्यामुळे जॉयशी झालेले त्याचे लग्न ख्रिस्तसभेच्या दृष्टीने खरे लग्नच नव्हते, असे लुईस यांचे म्हणणे होते. आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेत असा प्रश्न ज्याने त्याने स्वतः सोडवायचा नसतो. तो धर्मप्रांताच्या न्यायमंडळापुढे ठेवावा लागतो. हे अंतर आपण ध्यानात ठेवले पाहिजे. अखेर लुईस यांचे एक माजी विद्यार्थी आणि अँग्लिकन धर्मगुरू असलेले पीटर बाइड रुग्णावर हात ठेवून प्रार्थना करण्यासाठी आले. त्यांनीच २१ मार्च १९५७ रोजी रुग्णालयातील खाटेपाशी दोघांचा विवाह लावला.

मरणासाठी म्हणून घरी आणलेली जॉय हळूहळू सुधारू लागली. मोडलेले हाड सांधत गेले आणि वर्ष संपेपर्यंत ती चालू लागली. लुईस यांनी चमत्काराचा डांगोरा पिटला नाही. १९५९ साली प्रार्थनेवर लिहिताना त्यांनी ही हकिकत नाव न घेता सांगितली. पण हे प्रार्थनेमुळेच घडले असे सिद्ध करता येत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले. १९५८ साली दोघे आयर्लंडला जाऊन आले. विशीत जे सुख वाट्याला आले नाही ते साठीच्या उंबरठ्यावर मिळत आहे, असे ते मित्रांना सांगत.

ऑक्टोबर १९५९ मध्ये आजार उलटला. तशाही अवस्थेत एप्रिल १९६० मध्ये दोघे ग्रीसला गेले, कारण ती जॉयची जुनी इच्छा होती. १३ जुलै १९६० रोजी जॉयने देह ठेवला. तेव्हा ती ४५ वर्षांची होती.

दुःखावर पुस्तक लिहिणारे लुईस आता स्वतःच दुःखात बुडाले. त्यांनी घरातल्या कोऱ्या वह्या घेतल्या आणि मनात येईल ते लिहून काढले. देव नाही असे त्यांना वाटले नाही. देव निष्ठुर आहे की काय, ही भीती मात्र वाटली. प्रार्थनेला उत्तर येईना. रस्त्यात भेटणारी माणसे काय बोलावे हे न सुचून त्यांना टाळू लागली. हे सारे त्यांनी न लपवता लिहिले. हळूहळू त्यांना उमगले की, आकांत थोडा ओसरला की जॉयची आठवण अधिक स्वच्छ होते, आणि देवाविषयीचे मनही तसेच निवळत जाते. सर्व प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, पण प्रार्थना पुन्हा सुरू झाली. १९६१ साली हे लेखन टोपणनावाने प्रसिद्ध झाले. लेखक कोण हे ठाऊक नसल्याने काही मित्रांनी सांत्वनासाठी तेच पुस्तक त्यांना वाचायला दिले, असे सांगतात.

जॉयची दोन्ही मुले त्यांनी सांभाळली. डेव्हिड आईच्या मूळ ज्यू धर्माकडे वळला. तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेची बाजू जगापुढे मांडणाऱ्या या सावत्र बापाने त्याच्यासाठी ज्यू नियमांप्रमाणे वेगळी भांडी आणि वेगळे अन्न आणवले. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, ६५ वर्षे पूर्ण व्हायला एक आठवडा उरला असताना, लुईस राहत्या घरी वारले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. त्यामुळे वर्तमानपत्रांत लुईस यांच्या निधनाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

लुईस यांच्या जीवनातून आपण दोन गोष्टी घेऊ या. पहिली, दुःखात देवापुढे ओरडणे म्हणजे श्रद्धा गमावणे नव्हे. स्तोत्रकर्त्यानेही देवाला जाब विचारला आहे. ज्यांची प्रार्थना आज ओठांवर येत नाही त्यांनी स्वतःला दोषी मानू नये. दुसरी गोष्ट आपल्या सर्वांसाठी आहे. अंत्यविधीला आपण गर्दी करतो, महिन्याच्या मिस्सेलाही जातो. त्यानंतर त्या घरी कोण जाते? काय बोलावे हे सुचत नाही म्हणून आपण वाट बदलतो. बोलायला काही नसले तरी चालेल. या आठवड्यात आपल्या शेजारच्या एखाद्या विधवेकडे वा विधुराकडे जाऊन घटकाभर बसू या, त्यांच्याबरोबर चहा घेऊ या आणि गेलेल्या माणसाचे नाव मोकळेपणाने काढू या. सर्व मृतात्म्यांना प्रभू चिरशांती देवो.