दारू नाही, तंबाखू नाही, वजन ४६ किलो... तरीही गांधीजींचा बीपी २२० वर गेला होता

बीपी कुणाला होतो? जाड माणसाला, लोणचं-पापडावर ताव मारणाऱ्याला, दारू-तंबाखूवाल्याला. आपल्याकडं ही यादी ठरलेली असते. म्हणून वडूजच्या बाजारात आलेल्या एखाद्या काटक म्हाताऱ्याला बीपी मोजून घ्यायला सांगितलं, तर तो हसून पुढं जातो. मला काय धाड भरलीय, असं त्याला वाटतं.

पण या यादीत कुठंच न बसणारा एक पेशंट होता. महात्मा गांधी.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा. विलायतेत बॅरिस्टर झाले, दक्षिण आफ्रिकेत लढले आणि १९१५ मध्ये भारतात परतले. साधं शाकाहारी जेवण, शेळीचं दूध, फळं आणि रोजचं चालणं हा त्यांचा दिनक्रम जगाला माहितीय. डॉक्टरांशी मात्र त्यांचं फारसं जमत नव्हतं. १९०९ च्या हिंद स्वराज्य या पुस्तकात त्यांनी डॉक्टरी पेशावर सडकून टीका केली होती. तरी १९२४ मध्ये येरवडा तुरुंगात असताना अपेंडिक्स दुखायला लागलं, तेव्हा पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनकडून त्यांनी ऑपरेशन करून घेतलं.

बीपीनं खरा इशारा दिला तो १९२७ मध्ये.

खादीच्या प्रचारासाठी त्यांचा दौरा सुरू होता. मार्चच्या शेवटी ते कोल्हापुरात आले. सभांमागून सभा झाल्या आणि शरीरानं हात टेकले. तिथून ते निपाणीला गेले. डॉक्टरांनी तपासलं तर बीपी प्रचंड वाढलेला. लकवा मारता मारता राहिला होता. तेव्हा त्यांचं वय होतं ५७.

त्या काळात बीपीवर आजच्यासारखी गोळी नव्हती. डॉक्टरांच्या हातात मुख्य औषध एकच होतं, ते म्हणजे विश्रांती. गांधीजींनी दौरा थांबवला. आधी आंबोलीच्या थंड हवेत आणि मग म्हैसूर संस्थानातल्या नंदी हिल्सवर ते राहिले. नंदी हिल्सवरचा मुक्काम साधारण दीड महिन्याचा होता. देशभर सभा ठरलेल्या असताना एवढे दिवस थांबणं सोपं नव्हतं, पण ते थांबले.

बीपी मात्र गेला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियतकालिकानं २०१९ मध्ये गांधीजींच्या तब्येतीवर विशेषांक काढला. त्यात त्यांच्या जुन्या नोंदी आहेत. २६ ऑक्टोबर १९३७ ला बीपी १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४० ला २२०/११०. आणि याच काळातलं, १९३९ चं वजन ४६.७ किलो. म्हणजे आजच्या हिशोबानं हा माणूस चक्क अंडरवेट होता.

मग बीपी का वाढला? वय, आनुवंशिकता, ताण, अपुरी झोप यातलं काहीही कारण असू शकतं. बारीक असणं आणि साधं खाणं यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही.

पण गांधीजींनी एक गोष्ट सोडली नाही. ते बीपी मोजून घेत राहिले. डॉ. जीवराज मेहता, डॉ. गिल्डर यांच्यासारखे मुंबईचे नामांकित डॉक्टर त्यांना तपासायचे. नंतर डॉ. सुशीला नय्यर त्यांच्यासोबतच असायच्या. आकडा वाढला की काम कमी व्हायचं, मुक्काम हलायचा. १९३७ च्या डिसेंबरमध्ये असेच ते जुहूला विश्रांतीसाठी गेले होते. सोमवारचं मौन तर ठरलेलंच होतं.

पुढचा काळ आणखी कठीण होता. ९ ऑगस्ट १९४२ ला त्यांना अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. सहाच दिवसांनी महादेवभाई देसाई हार्ट अटॅकनं तिथंच गेले. ९ सप्टेंबरला वडूजमध्ये तहसील कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह ९ जण हुतात्मा झाले. फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या. मग गांधीजींना मलेरिया झाला आणि ६ मे १९४४ ला सरकारनं त्यांना सोडलं.

तब्येत सावरायला ते जुलैमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला आले. भूमिगत कार्यकर्त्यांनी उघडपणे समोर यावं, हा सल्ला त्यांनी इथूनच दिला. पुढच्या वर्षीही महाबळेश्वर आणि पाचगणीला त्यांचा मुक्काम झाला.

याच काळात तिकडं अमेरिकेत काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांचा बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. महायुद्ध चालू होतं आणि तब्येत ठणठणीत असल्याचं लोकांना सांगितलं जात होतं. १२ एप्रिल १९४५ ला बीपी ३००/१९० वर गेला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय ६३.

गांधीजी त्यानंतरही काम करत राहिले. नोआखालीत तर ७७ व्या वर्षी गावोगाव पायी फिरले. ३० जानेवारी १९४८ ला ते गेले ते गोळ्यांनी, बीपीनं नाही.

याचा अर्थ नुसत्या चालण्यानं आणि विश्रांतीनं बीपी जातो असा अजिबात नाही. २२०/११० हा आकडा आज आला, तर तातडीनं दवाखाना गाठावा लागतो. गांधीजींच्या वेळी पर्याय नव्हता. त्यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा बीपीवर होणारा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगासमोर मांडला. आज स्वस्तातल्या चांगल्या गोळ्या आहेत.

म्हणून पथ्य पाळायचं, दिवसाचं मीठ एका छोट्या चमच्याच्या आत ठेवायचं, चालायचं आणि बीपी मोजायचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याच्या वर येत असेल, तर डॉक्टरांकडं जायचं. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

२०१७ मध्ये देशात बीपी नियंत्रणासाठी सरकारी उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले ४ जिल्हे होते: सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. यातल्या सिंधुदुर्गात आंबोली, वर्ध्यात सेवाग्राम आणि साताऱ्यात पाचगणी. गांधीजींनी जिथं बीपी सांभाळला, त्यातल्या ३ जिल्ह्यांत आता सरकारी दवाखान्यात तो फुकट मोजून मिळतो.