आकाशातील वाटाड्या

आखलेल्या मार्गाने विमान नेणे हे कौशल्याचे काम आहे. परंतु जेथे मार्गच नाही, तेथे प्रथम विमान नेऊन इतरांसाठी वाट मोकळी करणे याला कौशल्याच्या जोडीला मोठे धैर्य लागते. भारतीय विमानदलाच्या बाल्यावस्थेत अशी कामगिरी ज्यांनी वारंवार अंगावर घेतली, त्यांत एअर कमोडोर मेहरसिंग यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे सहकारी त्यांना आदराने व प्रेमाने बाबा म्हणत.

मेहरसिंगांचा जन्म 20 मार्च 1915 रोजी पंजाबातील लायलपूर जिल्ह्यात झाला. हा भाग आता पाकिस्तानात आहे. महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांची विमानदलासाठी निवड झाली आणि इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील विद्यालयात त्यांनी वैमानिकाचे शिक्षण घेतले. 1936 साली ते अधिकारी होऊन स्वदेशी परतले. भारतीय विमानदलाची स्थापना 1932 साली झालेली. अद्याप त्यात लढाऊ तुकडी अशी एकच होती. वायव्य सरहद्दीवरील डोंगराळ मुलखात तिची नेमणूक असे. तेथे एकदा उड्डाण चालू असता खालून झालेल्या गोळीबाराने मेहरसिंगांच्या विमानाची इंधनाची टाकी फुटली. त्यांनी मोठ्या शिताफीने विमान खडकाळ दरीत उतरवले. सभोवार शत्रूचा वावर होता. आपल्या साथीदारासह लपतछपत त्यांनी सैन्याचे ठाणे गाठले आणि लगेच ते पुन्हा उड्डाणाला सिद्ध झाले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यावर एक निराळीच जबाबदारी आली. डिसेंबर 1942 मध्ये विमानदलाची सहावी तुकडी उभारण्यात आली व तिचे नेतृत्व मेहरसिंगांकडे देण्यात आले. या तुकडीचे मुख्य काम टेहळणीचे होते. ब्रह्मदेशाच्या आराकान प्रांतात जपानी सैन्य दाट जंगलाच्या आड दडलेले असे. ते कोठे आहे, कोणत्या पुलावरून त्याला रसद पोहोचते, कोणती पायवाट नव्याने रुळली आहे, हे जमिनीवरून कळणे अशक्य होते. म्हणून हरिकेन जातीच्या विमानांत कॅमेरे बसवून वैमानिक शत्रूच्या मुलखावर जात. विमाने जोडीने निघत. एक वैमानिक खालील प्रदेश न्याहाळी. दुसरा शत्रूच्या विमानांवर नजर ठेवी. झाडांच्या शेंड्यांना लागून उडावे, तेव्हाच फांद्यांखालचे काही दिसे. परत आल्यावर छायाचित्रांच्या प्रती काढून आघाडीवरील सेनाधिकाऱ्यांकडे पाठवल्या जात, आणि त्यांवरून पुढील हालचाली ठरत.

या कामात शौर्याइतकेच सत्याला महत्त्व होते. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगितले, अथवा पाहिलेले नीट ध्यानात ठेवले नाही, तर त्याची किंमत पायदळातील जवानांना प्राणांनी द्यावी लागे. मेहरसिंगांनी आपल्या तरुण वैमानिकांना नेमके पाहण्याची व नेमके सांगण्याची शिस्त लावली. अवघड उड्डाणे ते स्वतः करीत. लवकरच ही तुकडी चौदाव्या सेनेचे डोळे म्हणून ओळखली जाऊ लागली. 1944 साली मेहरसिंगांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा बहुमान मिळाला. भारतीय विमानदलातील दुसऱ्या कोणाही अधिकाऱ्याला तो लाभला नाही.

1947 साली देश स्वतंत्र झाला आणि ऑक्टोबर महिन्यात काश्मीरवर आक्रमण झाले. 27 ऑक्टोबर रोजी डाकोटा विमानांनी भारतीय सैन्याची पहिली तुकडी श्रीनगरला उतरली. काश्मीरमधील विमानदलाची सूत्रे मेहरसिंगांकडे आली. पूंछ हे गाव तेव्हा चहूबाजूंनी वेढले गेले होते. तेथील सैनिकांबरोबर हजारो निर्वासित अडकून पडले होते. धान्य व दारूगोळा संपत चालला होता. रस्ते शत्रूच्या ताब्यात. उरला होता तो एकच मार्ग, आकाशाचा! सैनिक व निर्वासित यांनी मिळून शेते सपाट केली व एक धावपट्टी तयार केली. तिच्या तीन बाजूंना ओढे होते आणि भोवतालच्या टेकड्यांवर शत्रू होता.

अशा ठिकाणी आपल्या वैमानिकांना धाडण्यापूर्वी मेहरसिंग स्वतः निघाले. डिसेंबर 1947 मध्ये त्यांनी पहिले डाकोटा विमान पूंछला उतरवले. त्यांच्याबरोबर एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुकर्जी होते. हेच मुकर्जी पुढे 1954 साली विमानदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. मेहरसिंगांच्या मागोमाग इतर विमाने येऊ लागली. येताना ती धान्य, औषधे व तोफा आणीत. जाताना जखमी सैनिक व निर्वासित यांना नेत. प्रसंगी रात्री तेलाच्या दिव्यांच्या अंधूक उजेडात विमाने उतरवावी लागत. नोव्हेंबर 1948 मध्ये वेढा उठेपर्यंत पूंछने तग धरला, तो या विमानांच्या आधारावर.

मेहरसिंगांची खरी कसोटी पुढेच होती. मे 1948 मध्ये कारगिल शत्रूच्या हाती गेले आणि लेहचा रस्ता तुटला. लेहचे रक्षण करण्यास अगदी थोडे सैनिक होते. सोनम नोर्बू नावाच्या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांच्या साहाय्याने सिंधू नदीजवळ वाळवंटी जागेवर धावपट्टी आखली होती. परंतु ती समुद्रसपाटीपासून सुमारे अकरा हजार फूट उंचीवर होती. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. त्यामुळे इंजिनांची शक्ती घटते, विमान अधिक वेगाने जमिनीला टेकते आणि ते थांबण्यास लांब पट्टी लागते. वाटेत जोझिला व फोटूला या खिंडी आणि त्यांहून कितीतरी उंच हिमशिखरे होती. त्या मार्गाचे विमानोड्डाणाचे नकाशे नव्हते. डाकोटा विमानात विरळ हवेपासून संरक्षणाची सोय नव्हती, की पंखांवर साचणारे बर्फ काढण्याचे साधन नव्हते.

काश्मीरमधील सैन्याचे एक प्रमुख मेजर जनरल थिमय्या यांना लेहची परिस्थिती प्रत्यक्ष पाहायची होती. सेनापतीला घेऊन अज्ञात मार्गाने जायचे, म्हणजे केवढा धोका! मेहरसिंगांनी तो पत्करला. 24 मे 1948 रोजी त्यांनी थिमय्यांना घेऊन उड्डाण केले. सुमारे तेवीस हजार फूट उंचीवरून शिखरे ओलांडीत ते सिंधूच्या खोऱ्यात शिरले आणि त्या वाळूच्या पट्टीवर त्यांनी विमान अलगद टेकवले. लेहला विमान उतरू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्यानंतर आकाशमार्गाने कुमक येऊ लागली व लेह वाचले.

त्याच वर्षी मेहरसिंगांनी विमानदलाची नोकरी सोडली. 1950 साली राष्ट्राने महावीर चक्र देऊन त्यांचा गौरव केला. 16 मार्च 1952 रोजी जम्मूहून दिल्लीस येत असता त्यांचे विमान भयंकर वादळात सापडले व दिल्लीजवळ कोसळले. त्या अपघातात त्यांचा अंत झाला. सदतीस वर्षे पुरी होण्यास अवघे चार दिवस उरले होते.

लेहला आज मोठा विमानतळ आहे. दुपारी खोऱ्यात जोराचे वारे सुटतात, म्हणून बहुतेक विमाने सकाळीच येऊन जातात. हिवाळ्यात बर्फाने रस्ते अडले, की औषध, टपाल व ताजी भाजी याच मार्गाने लडाखी माणसाच्या दारी पोहोचते. त्या मार्गावरून पहिल्याने गेलेला वैमानिक नकाशावाचून गेला होता.