मलिक अंबर : गनिमी काव्याचा वस्ताद

छत्रपती संभाजीनगरजवळ खुलताबाद येथे काळ्या दगडाची एक भव्य कबर आहे. औरंगजेबाची साधी कबर पाहण्यासाठी याच गावात येणाऱ्यांपैकी फार थोड्यांची पावले तिकडे वळतात. ही कबर मलिक अंबरची. ज्या शहराला पुढे औरंगाबाद हे नाव मिळाले, ते शहर वसविणारा हा पुरुष. परंतु नगररचनाकार ही त्याची एकच ओळख नव्हे. बलाढ्य शत्रूशी दुबळ्याने कसे लढावे, हे शास्त्र त्याने दख्खनच्या भूमीत पद्धतशीरपणे रुजविले.

अंबरचा जन्म सुमारे १५४८ मध्ये इथिओपियातील हरार परिसरात झाला. त्याचे मूळ नाव चापू. बालवयातच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि अनेक हात बदलत बगदादला पोहोचला. तेथे मीर कासीम या व्यापाऱ्याने त्याची बुद्धी ओळखून त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नाव ठेवले. पुढे दख्खनमध्ये त्याला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने विकत घेतले. चंगीजखानही मूळचा हबशी गुलामच होता. त्याच्या पदरी अंबर राज्यकारभार आणि युद्धविद्या शिकला. धन्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले, असे सांगितले जाते.

मुक्त झालेल्या या शिपायाजवळ तलवारीखेरीज काही नव्हते. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली आणि तेथेच तो मलिक झाला. नंतर लहानसे घोडदळ घेऊन तो निजामशाहीत परतला. तेव्हा निजामशाही मरणपंथाला लागली होती. चांदबीबीने पराक्रमाने राखलेला अहमदनगरचा किल्ला १६०० मध्ये मोगलांच्या हाती पडला. राजधानी गेली आणि राजाही कैद झाला. राज्य संपले असे सर्वांनी गृहीत धरले असताना अंबरने राजघराण्यातील मुर्तझा याला परांड्यास गादीवर बसविले, त्याला आपली मुलगी दिली आणि लढा पुढे चालू ठेवला.

अंबरची खरी परीक्षा येथून सुरू झाली. मोगलांपाशी प्रचंड तोफखाना, चिलखती घोडदळ आणि न संपणारा खजिना होता. त्यांच्याशी मैदानात छातीला छाती भिडविणे म्हणजे विनाश ओढवून घेणे होय, हे त्याने जाणले. आखाड्यात हलका मल्ल भारी मल्लाचे वजन अंगावर घेत नाही. बगल देऊन तो ते वजन प्रतिस्पर्ध्यावरच उलटवितो. अंबरने रणांगणावर हेच केले. मोगल सैन्याचा अवाढव्य पसारा हेच त्याचे मर्मस्थान ठरविले. रसद तोडणे, चारापाणी नष्ट करणे, रात्री छापे घालणे, शत्रूला डोंगराळ मुलखात ओढून नेणे आणि तो वळताच पसार होणे, हे त्याचे डावपेच होते.

या डावांसाठी त्याला माणसे मिळाली ती याच मातीतली. दख्खनच्या काटक घोड्यांवर स्वार होणारे, थोडक्या सामानानिशी लांबची मजल मारणारे मराठे शिलेदार आणि बारगीर त्याने मोठ्या संख्येने सैन्यात घेतले. येथील घाट, नाले आणि पाणवठे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या चपळाईला अंबरने शिस्त आणि योजना दिली. मोगलांनी या युद्धतंत्राला बारगीगिरी म्हटले. भोसले घराण्यातील शहाजीराजांसारखे सरदार याच काळात निजामशाहीच्या चाकरीत घडले.

१६१० मध्ये अंबरने अहमदनगर परत जिंकले, दौलताबादला राजधानी नेली आणि जवळच्या खडकी या खेड्याच्या जागी नवे शहर उभारले. डोंगरातील पाणी खापरी नळांतून जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याचीच देणगी. राज्याचा बचाव केवळ शस्त्राने होत नाही, हेही त्याला उमगले होते.

नियम मोडला तेव्हा त्याची किंमतही त्याला मोजावी लागली. १६१६ मध्ये काही मराठा सरदार मोगलांना मिळाले. त्यानंतर रोशनगाव येथे समोरासमोरच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकीची राखरांगोळी केली. शहाजहानच्या स्वाऱ्यांपुढेही त्याला तह करून मुलूख सोडावा लागला. परंतु माघार म्हणजे शेवट नव्हे, हा त्याच्या विद्येचा पहिला धडा होता. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशहा एकत्र चालून आले, तेव्हा अहमदनगरजवळील भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात अडकविली. हैराण झालेल्या त्या संयुक्त फौजेचा त्याने दारुण पराभव केला. शहाजीराजांनी या लढाईत पराक्रम गाजविला. त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले.

जहांगीर बादशहाला अंबरचा इतका संताप होता की, आपण त्याच्या छिन्न मस्तकावर बाण सोडीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक मोगलांच्या हाती कधीच लागले नाही. १६२६ मध्ये वयाच्या ऐंशीच्या आसपास अंबरला नैसर्गिक मृत्यू आला. त्याच्यामागे अवघ्या १० वर्षांत निजामशाही अस्त पावली. पण ती विद्या बुडाली नाही. सह्याद्रीच्या कुशीत शिवाजीमहाराजांनी तिला स्वराज्याचे ध्येय आणि नवे तेज दिले. खडकीचे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. मात्र १६१२ च्या सुमारास विजयाची खूण म्हणून अंबरने उभारलेला भडकल दरवाजा आजही शहरात उभा आहे.