आपल्या अमरावतीचे कविवर्य सुरेश भट

आपल्या गणेशोत्सवात गाण्याच्या भेंड्या रंगल्या की 'म' अक्षरावर 'मेंदीच्या पानावर' हमखास येते, नाहीतर 'मालवून टाक दीप' येते. 'च' आला की 'चांदण्यात फिरताना'. हे लताबाईंचे, ते आशाबाईंचे, असे सगळे सांगतात आणि ते खरेही आहे. पण ही तिन्ही गाणी लिहिणारा माणूस आपल्या अमरावतीचा होता, हे नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्या माणसाची, म्हणजे सुरेश भटांची, ओळख करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरेश श्रीधर भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीला झाला. वडील डॉक्टर, तर आईला कवितेची मनापासून आवड. घर सुशिक्षित आणि खाऊनपिऊन सुखी. पण अडीच वर्षांचे असताना त्यांना पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. त्या काळी पोलिओची लस नव्हती. बरोबरीची पोरं मैदानावर धावत असताना या मुलाला बसून राहावे लागे. मात्र गाण्याचा कान आणि शब्दाचा नाद लहानपणीच लागला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही. कॉलेजात अभ्यासापेक्षा कविता जास्त झाली. परीक्षेत अपयशही पचवावे लागले आणि अखेर १९५५ साली ते बी. ए. झाले. पुढे अमरावतीच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. कविता लिहिणे चालूच होते.

पहिला संग्रह 'रूपगंधा' १९६१ साली निघाला. त्यानंतर 'रंग माझा वेगळा' १९७४ ला, 'एल्गार' १९८३ ला, 'झंझावात' १९९४ ला आणि 'सप्तरंग' २००२ ला. चाळीस वर्षांत पाच संग्रह, म्हणजे तसे बेतानेच लिहिणे. पण या कवितांना दुसरे नशीब लाभले ते ध्वनिमुद्रिकांमुळे.

संगीतकार हृदयनाथ मंगेशकरांना भटांच्या कवितेत गाणे दिसले आणि मराठी भावगीताला एक जोडी मिळाली. लताबाईंच्या आवाजात 'मेंदीच्या पानावर' आणि 'मालवून टाक दीप', आशाबाईंच्या आवाजात 'चांदण्यात फिरताना' आणि 'तरुण आहे रात्र अजूनी', अशी एकेक तबकडी येत गेली. चित्रपटवाल्यांनाही त्यांचे शब्द हवेसे वाटले. १९७० च्या 'घरकुल' चित्रपटात सी. रामचंद्र यांनी 'मलमली तारुण्य माझे' आशाबाईंकडून गाऊन घेतले. पुढे जब्बार पटेलांनी 'सिंहासन' (१९७९) काढला. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा हा राजकारणाचा चित्रपट. त्यात 'उषःकाल होता होता' आले. १९८२ च्या 'उंबरठा'मध्ये पडद्यावर स्मिता पाटील आणि आवाज लताबाईंचा, ते 'सुन्या सुन्या मैफलीत'. या दोन्ही गाण्यांना संगीत हृदयनाथांचेच.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चित्रपटाच्या धंद्यात पुष्कळदा आधी चाल तयार होते आणि गीतकार त्यात शब्द बसवतो. भटांची बरीचशी गाणी मुळात स्वतंत्र कविता होत्या, चाल मागाहून आली. तरी ती सहज गाता येतात, कारण भटांची ओळ वृत्तात आणि मात्रांत पक्की बसलेली असते. एक मात्रा इकडची तिकडे नाही. आमच्यासारख्या जन्मभर ताळेबंद जुळवणाऱ्याला याचे विशेष कौतुक वाटते. शिवाय ते स्वतः मैफलीत आपल्या रचना चालीवर म्हणत, म्हणजे कागदावर येण्याआधीच ओळ गळ्यावर तपासलेली असे.

भटांचे खरे मोठेपण मात्र गाण्यांपेक्षा गझलेत आहे. मराठीत गझल त्यांच्या आधीही होती. माधव जूलियनांचा 'गज्जलांजलि' १९३३ चा. पण गझल मराठीत रुजवली, साध्या माणसाच्या तोंडी आणली, ती भटांनी. गझल म्हणजे काय, हे आपल्या सोसायटीच्या उदाहरणाने सांगता येईल. दोन ओळींचा एक शेर, तो एकेका फ्लॅटसारखा. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, आतला संसार वेगळा, आणि एक दुसऱ्यावर अवलंबून नाही. तरी बिल्डिंग एक वाटते, कारण जिना सामायिक आहे. तो जिना म्हणजे वृत्त, रदीफ आणि काफिया. समजा ओळींच्या शेवटी 'दार होते', 'फार होते', 'भार होते' असे आले, तर न बदलणारे 'होते' हा रदीफ आणि त्याच्या आधीचे जुळणारे 'दार', 'फार', 'भार' हे काफिये. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळी याच बंधनात असतात. पुढच्या शेरांत फक्त दुसरी ओळ. नियम एवढे कडक, पण भटांची भाषा मात्र घरातली, रोजच्या बोलण्यातली. फारसी शब्दांचा भरणा त्यांनी केला नाही. म्हणून ती गझल परकी वाटली नाही.

आणि हे ज्ञान त्यांनी स्वतःपाशी दडवून ठेवले नाही, ही मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. 'गझलेची बाराखडी' ही छोटीशी पुस्तिका त्यांनी नवोदितांसाठी लिहिली. गावोगावची मुले आपल्या गझला टपालाने पाठवत आणि भट त्या तपासून, कुठे मात्रा चुकली, कुठे काफिया घसरला, ते कळवून परत धाडत. फी नाही, वर्ग नाही, विद्यापीठ नाही. खेड्यातली शिक्षकाची नोकरी सुटली तरी शिकवणे सुटले नाही, ते टपालाने महाराष्ट्रभर चालू राहिले. त्यातून एक अख्खी पिढी उभी राहिली. गझलगायक भीमराव पांचाळे आपल्याच जिल्ह्याचे, गझलकार श्रीकृष्ण राऊत अकोल्याचे. आज मराठी गझलेचे मुशायरे होतात, संमेलने भरतात, त्या सगळ्याच्या मुळाशी ही वाट आहे.

भट म्हणजे केवळ चांदणे आणि मेंदी, असा समज करून घेऊ नये. स्वातंत्र्यानंतर गरिबाच्या पदरी पडलेल्या निराशेवर त्यांनी जळजळीत लिहिले. 'उषःकाल होता होता' चित्रपटातून बाहेर पडून मोर्चांत आणि आंदोलनांत पोचले, आणि तिथे ते गाणाऱ्या कितीकांना कवीचे नावही ठाऊक नसेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वंदन करणारे त्यांचे भीमगीत आजही जयंतीला वस्त्यावस्त्यांत लागते. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या या कवीने पुढे बौद्ध धम्म स्वीकारला. पटले ते बोलायचे, मग समोर कोणी का असेना, असा वऱ्हाडी रोखठोक स्वभाव. त्यामुळे माणसे जोडली गेली, तशी दुखावलीही गेली.

मानसन्मानाचे म्हणाल तर गडचिरोलीला भरलेल्या विदर्भ साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. अखिल भारतीय संमेलनाचे मिळाले नाही. १४ मार्च २००३ रोजी नागपूरला ते गेले. आपली सोसायटी तेव्हा नुकतीच वसली होती. आज नागपूरच्या रेशीमबागेत त्यांच्या नावाचे भव्य सभागृह आहे. २०१० साली कौशल इनामदार यांनी मराठी अभिमानगीत केले, शेकडो गायकांनी ते मिळून गायले आणि आता शाळाशाळांत मुले ते म्हणतात. त्याचेही शब्द भटांचेच. ज्या पोराला मैदानावर धावता आले नाही, त्याचे शब्द महाराष्ट्रभर फिरून आले, आणि तो गेल्यावरही थांबले नाहीत.

पूर्वी आकाशवाणीवर गाण्याआधी निवेदक गायक, संगीतकार आणि गीतकार अशी तिन्ही नावे सांगत. त्यामुळे कान आपोआप तयार व्हायचे. आता मोबाईलवर गाणे लागते तेव्हा ठळक दिसते ते गायकाचे नाव, गीतकाराचे शोधावे लागते. म्हणून सोसायटीतल्या तरुण मंडळींना एवढेच सांगणे आहे. गाणे आवडले की लिहिणाऱ्याचेही नाव पाहत जा. आणि 'मेंदीच्या पानावर' लागले, तर घरातल्या लहानग्यांना सांगा, हे लिहिणारे आपल्या गावचे होते.