रोजगार हमीचे जनक : वि. स. पागे

कोरडवाहू मुलखातील मजुराचे जीवन पावसावर अवलंबून असते. सुगी सरली की शेतातले काम संपते आणि घरची चूल मंदावते. पाऊस रुसला तर बिऱ्हाड पाठीवर घेऊन गाव सोडावे लागते. पूर्वी दुष्काळात सरकार कामे काढी. पण ती दया समजली जाई. काम हा गरिबाचा हक्क ठरावा, यासाठी विठ्ठल सखाराम पागे यांनी आपले आयुष्य वेचले.

पागे यांचा जन्म १९१० साली, आजच्या सांगली जिल्ह्याच्या परिसरात झाला. गांधीजींच्या विचारांनी भारावून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. पुढे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते. एवढ्या मोठ्या पदावर असूनही त्यांचे लक्ष खेड्याकडेच असे.

खेड्यात एकीकडे माणसांना काम नव्हते, तर दुसरीकडे जमीन कामावाचून नासत होती. उतारावर बांध नसला की पावसाचे पाणी सुपीक माती घेऊन ओढ्याला मिळते. मागे उरतो तो मुरूम. पागे यांनी या दोन दुःखांची सांगड घातली. रिकाम्या हातांना जमीन सुधारण्याचे काम द्यावे, म्हणजे आज मजुरी मिळेल आणि उद्या पीक वाढेल, असा त्यांचा विचार होता. १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्याचा प्रयोग झाला.

१९७२ साली रोजगार हमी योजना राज्यात लागू झाली. त्याच सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. अनेक ठिकाणी नुसती खडी फोडावी लागे. त्या खडीने त्या दिवसाची भाकर मिळे. शेताला मात्र तिचा उपयोग नसे. बांधबंदिस्ती, नालाबांध व पाझर तलाव यांची गोष्ट वेगळी होती. तेथे पाणी अडे, जमिनीत जिरे आणि विहिरींना उतरे. मग शेतकरी दुसरे पीक घेई, आणि त्याच्या खुरपणी-काढणीसाठी मजुरांना गावातच काम मिळे.

या योजनेसाठी शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांच्यावर १९७५ पासून व्यवसाय कर बसवण्यात आला. खेड्यातील मजुराच्या भाकरीत शहराने आपला वाटा उचलला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारला बंधनकारक झाले. स्त्री व पुरुष यांना एकाच दराने मजुरी मिळू लागली. कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने येत. स्वतःच्या कमाईचे पैसे अनेकींच्या हाती पडू लागले.

योजनेत उणिवाही होत्या. काही कामे अर्धवट राहिली. विहिरीला पाणी वाढले तरी ज्याची जमीन, त्यालाच अधिक लाभ झाला. भूमिहीनाच्या वाट्याला बहुधा मजुरीच आली. तरीही अडचणीच्या दिवसांत त्या मजुरीने असंख्य घरांना आधार दिला.

पागे १९९० साली निवर्तले. पुढे २००५ साली संसदेने ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव देशाच्या उपयोगी पडला. गरिबाला भीक नको, काम हवे. आणि ते काम असे हवे की त्याने गावची मातीही सुधारावी, हा पागे यांच्या कार्याचा बोध आहे.